चिंधीवर जळणारी डबी

मित्रांनो, मी जुनी आहे, पितळी आहे आणि मत्सरी आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला माझ्याकडे बघूनच कळल्या असत्या. तिसरी मला आपल्या तोंडाने सांगावी लागते, कारण तिच्यामुळेच मी ही हकिगत सांगायला बसले आहे.

मी काजळाची डबी. लिंबाएवढी गोल, वर फिरकीचं झाकण, झाकणावर मोराची नक्षी. मोर जरा कोंबड्यासारखा झाला आहे, पण तो दोष तांबटाचा, माझा नव्हे. नगरच्या त्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, घासलं, उजळलं आणि राशीनच्या जत्रेत विकायला पाठवलं. तिथे कर्जतकडच्या एका शेतकरीणबाईने मला उचललं. तिचं नाव केशरबाई.

केशरबाईच्या हातचं काजळ म्हणजे काय सांगू! एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी पालथी धरायची, वाटीला धरलेली काजळी चमच्याने खरवडायची, घरच्या तुपात बोटाने खलायची आणि वरून कापराची चिमूट टाकायची. मग ते मऊ, काळंभोर काजळ माझ्या पोटात यायचं. केशरबाईच्या चारही लेकरांचे डोळे माझ्यावर वाढले. त्यात थोरली चांगुणा. तिचे डोळे असे टपोरे, की वाटेने जाणारी बाईसुद्धा थांबायची. "काय डोळे हायत गं पोरीचे!" असं कोणी म्हणालं, की मी कोनाड्यात फुगून बसायची. डोळे देवाने दिले असतील, पण रेघ माझी होती ना!

चांगुणाचं लग्न शिर्डीला ठरलं. साल १९७०, वैशाख महिना. सासरचं फुलांचं दुकान होतं, देवळाच्या वाटेवर. निघताना केशरबाईने मला लेकीच्या मुठीत दिलं आणि म्हणाली, "माझी आठवन म्हनून ऱ्हाऊ दे." बाकी भांडीकुंडी बैलगाडीतून मागून आली. मी मात्र चांगुणाच्या मुठीत बसून गेले. त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलं, की ही पोर माझी. हिच्या डोळ्यांवर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही.

चांगुणाचा नवरा गहिनीनाथ शांत स्वभावाचा माणूस. पहाटे सायकलवरून राहात्याच्या मळ्यांतून फुलांच्या पाट्या आणायचा. दुकानात खरा हुकूम चालायचा सासूबाईंचा. त्यांचं नाव छबूबाई. चांगुणा त्यांना आत्याबाई म्हणायची. छबूबाईंची जीभ तिखट, पण मन वाईट नव्हतं. विधवा बाईने वीस वर्षं एकटीने ते दुकान चालवलं होतं. गिऱ्हाईक परत गेलं, की त्यांना जेवण जायचं नाही.

चांगुणा हार ओवायला शिकली आणि सहा महिन्यांत सासूच्या पुढे गेली. गुलाब, निशिगंध, तुळस, झेंडू, शेवंती, जे हातात येईल त्याचा हार असा भरगच्च ओवायची, की लोक मुद्दाम तिच्यासमोर उभे राहायचे. मी तिच्या कमरेच्या पिशवीत असायची. सगळं ऐकायची, सगळं बघायची. पोरीला ते काम मनापासून आवडत होतं. हार ओवताना ती गुणगुणायची.

पहिल्याच दसऱ्याला, शेवंतीच्या पाट्या दुकानात यायला लागल्या आणि चांगुणाचे डोळे खाजायला लागले.

तिने चोळले. आणखी खाजले. आणखी चोळले. पाणी येऊ लागलं, डोळे लाल झाले. आणि मग मित्रांनो, तिने मला उघडलं. माझ्या काजळात कापूर होता, त्याने घटकाभर गार वाटायचं. "हां, बरं वाटतंय," ती म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं. मग काय, दिवसातून पाच वेळा, दहा वेळा ती मला उघडू लागली. शेवंती ओवता ओवता, त्याच बोटाने. बोटांवरची पिवळी धूळ माझ्या काजळात मिसळत होती. मला ते दिसत होतं. पण ती मला इतक्या वेळा हातात घेते आहे, याच्या आनंदात मी त्या धुळीकडे लक्षच दिलं नाही.

माघात शेवंती संपली आणि डोळेही निवळले. उन्हाळा, पावसाळा चांगला गेला. मी म्हटलं, बघा, माझा गुण आला.

पुढच्या वर्षी नवरात्र आलं आणि डोळे पुन्हा सुरू झाले. या खेपेला पहिल्यापेक्षा वाईट. पापण्या सुजल्या. दिवसभर पाणी. गिऱ्हाईक दुकानापुढे यायचं, चांगुणाकडे बघायचं आणि पदर नाकाला लावून पुढच्या दुकानात जायचं. "डोळे आल्यात हिचे. आपलेबी यायचे," असं कुजबुजायचं. तुम्हाला ठाऊक आहेच, आलेल्या डोळ्यांकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, असं लोक समजतात.

छबूबाईंनी मध घालून बघितला. चांगुणा ओरडलीच. शेजारच्या सूर्यभानच्या म्हाताऱ्या वडिलांना मोतीबिंदूच्या वेळी दिलेलं थेंबांचं औषध उरलं होतं, ते मागून आणून घातलं. काही उपयोग झाला नाही. त्या दुसऱ्याच्या बाटलीकडे मी असं बघत होते, की ती काचेची नसती तर वितळली असती. अखेर छबूबाई म्हणाल्या, "जा बाई, म्हाईरी जाऊन ये. डोळे बरे झाले की परत ये. दुकान बसवू नको माझं."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गहिनीनाथने तिला एसटीत बसवून दिलं. मी कमरेला होतेच.

केशरबाईने लेकीचे डोळे बघितले. तिने मला पुसून काढलं, ताजं काजळ केलं आणि माझ्यात भरलं. आणि काय सांगू! चार दिवसांत चांगुणाचे डोळे स्वच्छ! पाणी नाही, खाज नाही, लाली नाही. सगळीकडे ज्वारीची रानं, फुलाचा पत्ता नाही. पण मला त्याचं काय? मी म्हटलं, हे माझं काम. माझ्या माहेरच्या काजळाचं काम.

पंधरा दिवसांनी दिवाळीच्या तोंडावर चांगुणा हसतमुख शिर्डीला परत आली. दुसऱ्याच दिवशी शेवंतीची पाटी पुढ्यात घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत डोळे पुन्हा टोमॅटोसारखे.

आता छबूबाईंच्या मनात भलताच विचार आला. मित्रांनो, हीच ती चूक. शिर्डीत डोळे सुजतात, माहेरी गेली की बरे होतात. याचा अर्थ काय? छबूबाईंनी अर्थ काढला, की सून ढोंग करते. तिला माहेर गोड लागतंय. दुकानातून सुटका हवी म्हणून डोळे चोळून लाल करते.

"मला काय येडी समजती व्हय गं?" छबूबाई दुकानातच कडाडल्या. "तिकडं गेलं की डोळे चांगले, हितं आलं की वंगाळ! डोळ्यान्ला गाव कळतं व्हय?"

"आत्याबाई, शपथ, मी काय करत न्हाई. आपोआप हुतंय."

"आपोआप! मग ऐक माझं. दत्तजयंतीला गर्दी लई असती. त्या दिशी तू दिवसभर दुकानात नीट बसलीस तर ठीक. न्हाईतर गहिनी तुला कर्जतला सोडून येईल. कायमची. मग बस तिकडं डोळे मिटून."

चांगुणाचं तोंड पांढरं पडलं. तिच्या माहेरी तिच्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. परत पाठवलेली थोरली घरात असली, की धाकट्यांना स्थळं कोण देणार? शिवाय तिला गहिनीनाथ आवडत होता, हार आवडत होते. रात्रीच्या भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते खाजेचं की रडण्याचं, हे मलाही कळेना.

गहिनीनाथ आईसमोर कधी तोंड वर करून बोलायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "आई, मी हिला श्रीरामपूरला दाखवून आणतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हायत तिथं." छबूबाईंनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही.

त्या डॉक्टरीणबाईंचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. जाड भिंगाचा चष्मा, पांढरी साडी, हळू आवाज. त्यांनी चांगुणाची पापणी उलटून आतून बघितली. मग खूप प्रश्न विचारले. डोळे दुखतात का खाजतात? खाजतात. एक का दोन्ही? दोन्ही. सकाळी पापण्या पिवळ्या पुवाने चिकटलेल्या असतात का? नाही. घरात आणखी कोणाचे आले का? कोणाचेच नाही. शिंका येतात? येतात की, लई येतात. कधीपासून कधीपर्यंत? दसरा ते माघ. आणि मग त्यांनी विचारलं, "माहेरी गेलीस तेव्हा डोळे कसे होते?"

चांगुणा घाबरली. हीच गोष्ट तिच्यावर उलटली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "बरे हुते बाई. पर मी ढोंग करत न्हाई हो."

"ढोंग?" डॉक्टरीणबाई हसल्या. "अगं, तू तर मला उत्तरच दिलंस. माहेरी शेवंती असते का?"

"न्हाई."

"मग झालं. तुझे डोळे आलेले नाहीत. तुझ्या डोळ्यांना शेवंतीचं वावडं आहे. कोणाला वांगं चालत नाही, खाल्लं की अंगावर पित्त उठतं. तसं तुझ्या डोळ्यांना शेवंतीचा पराग चालत नाही. फुलांवरची ती पिवळी धूळ डोळ्यात गेली, की डोळे बिथरतात. इंग्रजीत याला ॲलर्जी म्हणतात. हे कोणालाही लागत नाही. कोणी तुझ्याकडे दिवसभर टक लावून बघितलं, तरी त्याला काही व्हायचं नाही."

चांगुणा रडायलाच लागली. कोणीतरी तिला खरं मानलं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोळ्यात काय घालतेस?" आणि त्या भोळ्या पोरीने मला काढून टेबलावर ठेवलं. मी छाती पुढे काढली. बाईंनी झाकण उघडलं, भिंगातून आत बघितलं, एका काडीने फिरकीच्या खाचेतून पिवळी भुकटी काढली आणि गहिनीनाथच्या तळहातावर ठेवली.

"बघा. रोग तर हिने कमरेला बांधूनच ठेवला आहे. ही आजपासून बंद. ते दुसऱ्या कोणाचं थेंबांचं औषधही बंद, ते तर फार धोक्याचं. डोळ्यात मध नको, दूध नको, कांदा नको, काजळ नको."

मला रोग म्हणाली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी केशरबाईच्या घरी चार लेकरांचे डोळे वाढवले, आणि ही चष्मेवाली मला रोग म्हणते!

पण खरा घाव पुढेच होता. बाईंनी एक छोटी काचेची बाटली दिली. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, तीन आठवडे. मग म्हणाल्या, "खाज आली की चोळायचं नाही. चोळलं की खाज वाढते, हे पक्कं लक्षात ठेव. जुन्या धोतराचा मऊ, स्वच्छ तुकडा घे. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजव, पिळ आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेव. गारव्याने खाज बसते. शेवंती आणि झेंडू दुसऱ्याला ओवू दे. तू गुलाब, निशिगंध, तुळस ओव. डोक्याला फडकं बांध. दुकानातून आलीस की आधी हात धू, मग तोंड धू, लुगडं बदल. मगच अंथरुणाला पाठ लाव. आणि औषध संपलं की मनाने दुकानातून दुसरं आणायचं नाही, मला येऊन दाखवायचं. कधी डोळा दुखला, उजेड सहन झाला नाही किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी यायचं."

एसटीत परत येताना ती बाटली चांगुणाच्या हातात होती आणि मी पिशवीच्या तळाशी.

घरी माझी रवानगी कोनाड्यात झाली. माझ्या शेजारी बाटली. काय तिचा तोरा! बोटभर उंची, रबराची टोपी, अंगावर कागदाची चिठ्ठी. सकाळ-संध्याकाळ चांगुणा तिला हळुवार उचलायची, मान वर करायची आणि डोळा उघडायची. जिथे माझी रेघ असायची, तिथे हिचा थेंब! मी मनात म्हणायची, फुटून जा मेली. एकदा उंदीर तिच्याजवळून गेला, तर माझी आशा पल्लवित झाली होती. उंदीर मेला सरळ निघून गेला.

बाटलीचं एक वेळ ठीक. ती शहरातून आलेली, शिकल्यासवरल्यांच्या घरची. पण ती चिंधी! गहिनीनाथच्या फाटक्या धोतराचा वीतभर तुकडा! ना आकार, ना नक्षी. दोरीवर वाळत घातली तर कावळाही तिच्याकडे बघणार नाही. आणि चांगुणा दुपारी दुकानातून आली, की हातपाय धुऊन, ती चिंधी गार पाण्यात बुडवून डोळ्यांवर ठेवायची आणि "हाssश" करायची. ते "हाssश" ऐकलं, की मी झाकण घट्ट आवळून बसायची. माझ्या कापराने तिला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त जळत होते.

घरात आणखी एक जण नाखूष होतं. छबूबाई. शेवंतीचं वावडं हे ऐकून त्यांनी कानावर हात ठेवले. "देवाच्या फुलानं डोळे बिघडतात म्हनं! जे फूल देवाच्या गळ्यात पडतं, ते मानसाला बाधंल व्हय? असलं बोलनं पाप हाय." पण दत्तजयंतीपर्यंतचा शब्द दिला होता, म्हणून शेवंतीच्या पाट्या त्यांनी आपल्याकडे ओढून घेतल्या. चांगुणा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, डोक्याला फडकं बांधून गुलाब ओवायला बसू लागली. मला गंमत वाटायची. म्हातारी आणि मी, दोघीही त्या बाटली-चिंधीच्या विरोधात.

तीन आठवड्यांत डोळे निवळले. संपूर्ण नाही, अधूनमधून खाज यायची, पण सूज गेली, पाणी थांबलं. चांगुणा पुन्हा गुणगुणू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगते मित्रांनो, मी वाट बघत होते, कधी हिचे डोळे पुन्हा बिघडतात आणि कधी ही त्या चिंधीला फेकून माझ्याकडे येते.

दत्तजयंतीचा दिवस उजाडला. पहाटेपासून वाट माणसांनी भरली. चांगुणा डोक्याला फडकं बांधून, नवं हिरवं लुगडं नेसून निघाली. छबूबाई तिच्या आधीच शेवंतीचे दहा-बारा हार ओवून दुकानातून घरी आल्या होत्या, सुनेला घेऊन जायला. त्यांनी चांगुणाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळे स्वच्छ होते. मला वाटतं, म्हातारीलाही आतून बरं वाटलं असावं. आवाज मऊ आला.

"सणाच्या दिशी बाईनं डोळे उघडेबोडके ठेवू नयेत. थांब, काजळ लावते."

"आत्याबाई, बाईंनी नको म्हनलंय..."

"एका दिसानं काय हुतंय? माझ्या हातानं लावते. चल, हिकडं बघ."

सासूने पहिल्यांदाच माया दाखवली होती. सून ती माया कशी नाकारणार? तिने डोळे वर केले. छबूबाईंनी कोनाड्यातून मला उचललं. झाकण फिरलं. त्यांचं बोट आत आलं. मी त्या बोटाला चिकटले, किती चिकटले! शेजारच्या बाटलीकडे मी असा कटाक्ष टाकला! दोरीवरच्या चिंधीला मनात म्हटलं, बघ गं बघ, सणाला कोण लागतं ते. चांगुणाच्या दोन्ही डोळ्यांत माझी रेघ उमटली. छबूबाईंनी मला आपल्या कमरेला खोचलं आणि दोघी दुकानात गेल्या.

दोन तास माझे होते. "सूनबाई काय दिसतीया!" असं दोघी-तिघी म्हणाल्या. मग चांगुणाने एकदा मनगटाने डोळा पुसला. मग दुसरा. मग ती पापण्या फडफडवू लागली. मी म्हटलं, होईल बरं. बरं झालं नाही. दुपारच्या आरतीच्या गर्दीत, दुकानापुढे पन्नास माणसं उभी असताना, चांगुणाच्या पापण्या फुगून मिटल्या. काजळ पाण्याबरोबर गालांवर ओघळलं. तिला सुई दिसेना. ती बोटात खचकन शिरली आणि पांढऱ्या निशिगंधावर रक्ताचा थेंब पडला.

"अगं बया, डोळे आल्यात हिचे!" गिऱ्हाइकातली एक बाई मागे सरली. तिच्यामागे दहा जण सरले.

छबूबाईंचा पारा चढला. "झालं सुरू! बरोब्बर आजच्याच दिशी! गहिनी, हिचं बोचकं बांध. म्या सांगितलं हुतं..."

तेव्हा चांगुणा बोलली. दीड वर्षात ती सासूसमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. डोळे मिटलेलेच होते, गालांवर काळे ओघळ होते. ती म्हणाली, "आत्याबाई, सकाळपासून मी शेवंतीला हात लावला न्हाई. तुमी समोरच हुता. डोळे सकाळी चांगले हुते, तुमीच बघितले. आता मला पाठवायचं तर पाठवा. पर आधी तुमची बोटं बघा."

छबूबाईंनी बोटं बघितली. पहाटेपासून ओवलेल्या शेवंतीने दहाही बोटं पिवळीधमक झाली होती. आणि उजव्या हाताच्या एका बोटाच्या टोकावर, त्या पिवळ्यावर, माझं काजळ होतं.

म्हातारीने ते बोट अंगठ्याने चोळून बघितलं. गिऱ्हाईक हार मागत होतं, तिला ऐकू येत नव्हतं.

मग ती उठली. ऐन गर्दीत, आरतीच्या वेळी, वीस वर्षांत जिने गिऱ्हाईक कधी सोडलं नाही, ती बाई दुकान लेकावर टाकून उठली. चांगुणाला हाताला धरून घरी आणली. आधी स्वतःचे हात साबणाने घासले, दोनदा, तीनदा. मग सुनेचं तोंड धुतलं. मग दोरीवरची चिंधी काढून माठातल्या उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवली, पिळली आणि सुनेच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवली.

"पोरी, म्या तुला ढोंगी म्हनले," ती म्हणाली. "आन् माझ्याच बोटानं..."

"असू द्या आत्याबाई."

"असू कसं द्या? देवाचं फूल खरं, पर तुला सोसत न्हाई ते बी खरं. म्या डोळ्यादेखत बघितलं. आता तुला कर्जतला धाडायचं नाव या घरात कुनी काढलं, तर माझ्याशी गाठ हाय."

मग तिने मला कमरेतून काढलं. मला वाटलं, आता ही मला कचऱ्यात टाकणार, सुकल्या हारांच्या ढिगात. तिचा हात उगारलेलाही होता. चांगुणाने चिंधीखालूनच विचारलं, "डबी हाय का तिथं?"

"हाय. फेकते."

"नका फेकू. आईची हाय."

आणि मित्रांनो, तेव्हा मला माझी लाज वाटली. मी त्या पोरीचे डोळे बिघडायची वाट बघितली होती. आज ते माझ्यामुळे बिघडले, आणि तीच पोर आंधळ्यासारखी पडून माझा जीव वाचवत होती. ती बाटली, ती चिंधी, दोघींनी मिळून जे तीन आठवड्यांत जोडलं, ते मी दोन तासांत मोडलं होतं.

छबूबाईंनी मला रिकामं केलं. राख आणि चिंच लावून घासलं, खाचेतली धूळसुद्धा काडीने काढली, आणि कोनाड्यात ठेवून दिलं. पोटात काही नाही. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ चांगुणाला पुन्हा श्रीरामपूरला घेऊन गेला. डोळे पुन्हा निवळायला दहा दिवस लागले. तोवर छबूबाई तिला दुकानात आपल्या शेजारी नुसती बसवून ठेवायच्या. कोणी मागे सरलं, की म्हणायच्या, "आवं, डोळे न्हाई आले. वावडं हाय तिला. कुनाला लागत न्हाई. या हिकडं, हार घ्या."

त्यानंतर बरीच वर्षं झाली. काम संपल्यावर बाटली गेली. मला कोणी पुन्हा भरलं नाही, मीही मागितलं नाही. मित्रांनो, तुमचे डोळे खाजले, तर माझ्यासारखीकडे येऊ नका. कितीही नक्षीदार असली, आजीची असली, आईची असली, तरी येऊ नका. चोळू नका. हात धुवा, कशाने खाजतं ते शोधा, आणि ज्याला डोळ्यांतलं कळतं त्याला दाखवा. आणि कोणी म्हणालं, मला इथे त्रास होतो आणि तिथे होत नाही, तर त्याला ढोंगी म्हणण्याआधी आपली बोटं बघा.

माझा मत्सर गेला, असं मात्र मी म्हणणार नाही. मी खोटं बोलत नाही. आता धोतराचा पाचवा की सहावा तुकडा दोरीवर असेल. तो वाळताना बघितला, की अजून माझा जळफळाट होतो. पण शेवंतीचे दिवस येतात, चांगुणा दुपारी दारात येते, तिचा हात नकळत डोळ्याकडे जातो, आणि मी रिकाम्या पोटाने कोनाड्यातून त्या चिंधीला ओरडून सांगते, अगं ऊठ ना लवकर, ती आली बघ.